अक्कांचा करंट

दूध मी मोरीत ओतलं, वरून तांब्याभर पाणी सोडलं आणि पेला विसळून पालथा घातला. वळले तर स्वयंपाकघराच्या दारात अक्का उभ्या.

"प्यालीस दूध?"

"प्याले."

अक्कांनी मोरीकडं बघितलं. जाळीवर साय अडकली होती. त्या पुढं आल्या, वाकून साय बोटानं काढली, कोपऱ्यातल्या डब्यात टाकली, हात धुतले. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "उद्यापासून तुझं दूध तूच तापव. मी हात लावत नाही."

दुसरं कुणी असतं तर तेवढ्यानं निवलं असतं. मी मनात म्हटलं, म्हणजे आता दुधात घालणार नाहीत, पातेल्यालाच आतून चोळून ठेवणार. दुसऱ्या दिवशी मी पातेलं राखेनं घासून घेतलं. त्यानंतर दूधच सोडलं.

वीसेक वर्षं झाली याला. आज हे सांगताना ऐकणारे हसतात, कधी कधी मीही हसते. पण तेव्हा ती शंका नव्हती. आपलं नाव आपल्याला माहीत असतं तसं मला माहीत होतं, की माझी नणंद मला मारायला या घरात येऊन राहिली आहे आणि माझे यजमान तिला सामील आहेत.

आम्ही जयसिंगपूरचे. यजमानांचं, सुकुमारांचं, मोटारपंपांचं दुकान होतं आणि मी आयटीआयमध्ये मुलींना शिवणकाम शिकवत होते. पस्तिशीत मला संधिवात लागला. म्हातारपणी गुडघे धरतात तो नव्हे. याला डॉक्टर रुमेटॉइड म्हणायचे. आपलंच शरीर आपल्या सांध्यांवर उठतं, असं त्यांनी समजावलं होतं. सकाळी उठलं की बोटं मिटायची नाहीत, ब्लाउजची हुकं लावताना डोळ्यांत पाणी यायचं. वर्षं गेली तशी बोटं करंगळीच्या अंगाला वळत गेली. तरी मी कात्री सोडली नव्हती. वळलेल्या बोटांनीही मी कटोरी ब्लाउज बेतायची आणि माझ्या मुली तो बघत राहायच्या.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि दुखणं भडकलं. मनगटं, खांदे, गुडघे, सगळं एकदम. कुशीवर वळायचं तर सुकुमारांना हाक मारावी लागायची. सांगलीच्या डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम वाढवल्या. "थोडेच दिवस. आग विझली की हळूहळू उतरवू," म्हणाले.

आग विझली खरी. आठवड्याभरात मी घरभर फिरायला लागले. माळा उपसला, डबे घासले, पडदे शिवले, शेजारणींचे न मागता फॉल लावून दिले. झोप लागत नव्हती, पण झोपेची गरजही वाटत नव्हती. बोलायला लागले की थांबत नव्हते. सुकुमार कौतुकानं म्हणाले, "जुनी राजमती परत आली की."

आणि मग तो पहिला करंट बसला.

वर्गात रेश्मा नावाची मुलगी पोलक्याला तुरपाई घालत होती. ती बघायला मी तिच्या मशीनवर वाकले. मानेतून काहीतरी सळ्ळकन निघालं आणि पाठीच्या कण्यातून थेट दोन्ही टाचांपर्यंत गेलं. उघड्या तारेला हात लागल्यासारखं. मी किंचाळून मागं झाले.

"मशीनला करंट येतोय! बटण बंद कर आधी!"

रेश्मा घाबरून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, हे पायाचं मशीन आहे. याला वायरच नाही."

पोरी हसल्या. मी खाली बसून मशीनच्या बुडाशी बघितलं. खरंच वायर नव्हती. मला हसू आलं नाही. मला वाटलं, वायर दिसत नाही म्हणजे ती लपवली आहे.

त्यानंतर तो कुठंही बसायला लागला. बस्तीत, आमच्या जैन देवळात, भगवंतांपुढं डोकं टेकवलं, बसला. नळाखाली केस धुवायला वाकले, बसला. ताटात तांदूळ निवडत होते, बसला. इतका खरा, इतका स्पष्ट, की त्याच्याबद्दल प्रश्नच नव्हता. प्रश्न एवढाच होता, की देतंय कोण? आणि माझ्या घरात तर वायरीची भेंडोळी जिन्याखाली पडलेली असायची. नवरा मोटारींच्या धंद्यातला. आणखी काय पुरावा हवा होता?

मग एकेक गोष्ट जुळत गेली. चालता चालता माझ्या पायातली चप्पल मागं राहायची आणि चार पावलं गेल्यावर लोक हाक मारून सांगायचे. मी ठरवलं, कुणीतरी माझ्या चपला बदलून मोठ्या मापाच्या ठेवतंय. हातातून कात्री निसटायची. म्हणजे तिचा स्क्रू सैल केलाय. मुलगी समता बेळगावला मामाकडं राहून बारावीचा अभ्यास करत होती. तिला तिकडं पाठवायचं मीच ठरवलं होतं, पण आता मला खात्री झाली की तिला माझ्यापासून तोडलंय. एका दुपारी सुकुमार दुकानातून आले तेव्हा मी ब्लेडनं गादी उभी फाडून कापसात तार शोधत बसले होते.

त्यांनी निपाणीला बहिणीला फोन केला.

त्रिशलाअक्का म्हणजे सुकुमारांची थोरली बहीण. लग्न केलं नव्हतं. निपाणीच्या मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं आणि तिथंच निवृत्त झाल्या. माझं त्यांच्याशी कधी भांडण झालं नव्हतं, तसं सूतही जमलं नव्हतं. बोलणं मोजकं, कौतुक नाहीच. मी शिवून दिलेला ब्लाउज घालून बघायच्या आणि म्हणायच्या, "उजवा खांदा जरा उतरलाय." तो उतरलेला असायचाच. त्या आल्या तेव्हा एक पिशवी घेऊन आल्या आणि महिनाभराच्या तयारीनं आल्या.

त्या आल्यावर करंट वाढला. याचा अर्थ मला लख्ख कळला.

अन्नावरचा माझा विश्वास उडाला. सूर्य मावळायच्या आत आमच्याकडं जेवणं व्हायची. अक्का ताट मांडायच्या आणि मी ते तसंच ठेवून उठायची. केळी खायची, कारण सालीच्या आत कुणाला काही घालता येत नाही. नारळ माझ्यासमोर फोडला तरच खोबरं खायची. गाल बसले, कमरेवर साडी ठरेना. सुकुमार हातात घास घेऊन पुढं बसायचे, रडवेले व्हायचे.

"अगं, मी विष घालीन का तुला?"

"तुम्ही नाही घालणार. तुम्ही फक्त बघत बसणार."

अक्का हे ऐकत असायच्या. एकदाही त्यांनी उलट उत्तर दिलं नाही. त्याचाही मला संशय आला.

मग ती सकाळ उगवली. माझे हात वरपर्यंत जात नव्हते, म्हणून केस बरेच दिवस विंचरले नव्हते. जटा झाल्या होत्या. अक्का फणी आणि तेलाची वाटी घेऊन पुढच्या सोप्यात आल्या. "बस इथं पाटावर. नुसती फणी फिरवते. तेल नको असेल तर नको."

का कोण जाणे, मी बसले. त्या मागं खुर्चीवर बसल्या, वरवरचे गुंते सोडवले. मानेजवळचे केस घट्ट झाले होते. ते दिसावेत म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर तळवा ठेवला आणि डोकं पुढं दाबलं.

तसा करंट त्याआधी कधीच बसला नव्हता. डोळ्यांपुढं पांढरं झालं. दोन्ही हात खांद्यापासून बधिर, पाय आपले नव्हेतच. मी पाटावरून बाजूला कोसळले. अक्का "अगं, अगं" करत मला धरायला वाकल्या आणि मी हाताला लागली ती पितळेची तेलाची वाटी त्यांच्या तोंडावर मारली.

वाटी कपाळावर बसली. रक्त भुवईवरून खाली आलं. मी ओरडत होते, "मारलं! हिनं मला करंट देऊन मारलं!" शेजारचे लोक दारात जमले. सुकुमार धावत आले. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदर कपाळाला लावून. आरडाओरडा नाही, रडणं नाही. माझ्याकडं बघत होत्या आणि पुटपुटत होत्या, "मी काहीच नाही केलं. नुसती मान जरा पुढं केली."

दुपारी मला सांगलीला मानसोपचाराच्या दवाखान्यात नेलं.

तिथले डॉक्टर नाईकवडी मऊ बोलणारे होते. त्यांनी माझ्या गोळ्या बघितल्या आणि सुकुमारांना सांगितलं, "स्टेरॉइडच्या मोठ्या डोसनं काही जणांचं मन असं भरकटतं. हे तिच्या हातात नाही. गोळ्या कमी करत जाऊ, पण एकदम बंद करता येत नाहीत. तोवर मन शांत ठेवायचं औषध देऊ."

बोलणं बरोबर होतं. मी मात्र त्यांच्याही गोळ्या गालात धरून थुंकायची. सलाइनची सुई उपसून टाकली. खाणं बंदच होतं, आता पाणीही बंद केलं, कारण तिथं केळीसुद्धा सोलून आणून द्यायचे. मला दिवसभर कुणाकुणाचं बोलणं ऐकू यायचं, माझंच नाव. जीभ कोरडी पडून टाळूला चिकटली होती. उठून संडासला जायचं तर भिंत धरावी लागायची. सिस्टर म्हणायच्या, उपाशी राहून अशक्तपणा आलाय. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतं तुम्हाला?" मी म्हटलं, "माझी नणंद मला करंट देते." त्यांनी मान हलवली. पुढं काही विचारलं नाही. मी डॉक्टर असते तर मीही विचारलं नसतं.

एका सकाळी खोलीच्या दाराबाहेर त्यांचं आणि सुकुमारांचं बोलणं चाललं होतं. दार पुरतं लागलं नव्हतं.

"असंच राहिलं तर मूत्रपिंडावर येईल. वाट बघण्याइतका वेळ नाही. अशा वेळी शॉक ट्रीटमेंटचा चांगला उपयोग होतो."

"शॉक म्हणजे... करंट?" सुकुमारांचा आवाज फुटला.

"अगदी थोडा. भूल देऊन करतात. मान मागं घेऊन श्वासाची सोय करतात, सगळं काही क्षणांत होतं. त्यांना कळणारही नाही."

मला सगळं कळलं. इतके दिवस घरात लपून चाललेलं आता उघड करणार होते.

चाकाची खुर्ची घेऊन दोन वॉर्डबॉय आले तेव्हा मी खाट आणि भिंत यांच्या फटीत शिरून बसले होते. लोखंडी खाटेचा पाय दोन्ही हातांनी धरला होता. बोटांत जोर नव्हता म्हणून कोपरात अडकवला होता. एकानं माझ्या काखेत हात घातला. मी चावले. सुकुमार दारात उभे होते, त्यांचे गाल ओले होते.

"राजमती, बरं वाटेल गं तुला."

"अहो, घरी दिलात तेवढा पुरला नाही का?"

ते तोंडावर हात धरून बाहेर गेले. वॉर्डबॉयनं सिस्टरना हाक मारली. सिस्टर इंजेक्शन भरून आल्या. आणि त्यांच्या मागून अक्का आत आल्या. कपाळावर चिकटपट्टी, डोळा सुजून काळानिळा.

"जरा सगळे बाहेर व्हा," त्या म्हणाल्या.

"आजी, वर तयारी झालीय. डॉक्टर थांबलेत."

"थांबू देत. हिला ओढत नेऊ नका. मी बोलते."

त्या जन्मभर वर्गात ज्या आवाजात बोलल्या तोच हा आवाज होता. तिघंही दाराबाहेर झाली. सिस्टरनी दार उघडंच ठेवलं.

अक्का जवळ आल्या नाहीत. खोलीच्या पार पलीकडच्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. मी फटीतून त्यांच्याकडं बघत होते. माझा श्वास मलाच ऐकू येत होता.

"राजमती, मी तुला करंट देते?"

"देता."

"रोज?"

"रोज."

"मी निपाणीला होते तेव्हा?"

"तेव्हाही बसायचा. तुम्ही तिथनं द्यायचात."

"बरं. दिवसभर देते?"

"नाही."

"मग कधी देते?"

इतक्या दिवसांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मला आठवावं लागलं. "मान खाली घातली की देता."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"मान वर असताना?"

"नाही."

अक्कांनी पिशवी जमिनीवर ठेवली. दोन्ही हात डोक्याच्या वर नेले, तळवे उघडे करून मला दाखवले. बोटं पसरली. त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या.

"बघ. हातात काही नाही. खोलीत दुसरं कुणी नाही. मी हलणार नाही. आता मान खाली घाल."

मी नको म्हणून डोकं हलवलं.

"घाल म्हणते ना. बघूया तरी आपण."

मला वाटलं, ठीक आहे, ही आता पकडली जाईल. मी त्यांच्या हातांवरची नजर न काढता हनुवटी हळूहळू छातीकडं नेली. अर्ध्यात पोचले नसेन. पाठीतून विजेचा लोळ गेला, पोटऱ्यांतून टाचांत उतरला. खाटेचा पाय कोपरातून सुटला आणि मी भिंतीवर आपटले. माझे पाय आपोआप ताठ झाले आणि पावलं फरशीवर थडथड उडायला लागली. मी ती थांबवू शकत नव्हते.

"बसला," मी म्हटलं. आवाज जेमतेम निघाला.

अक्का माझ्या पावलांकडं बघत होत्या. त्यांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. ओठ पांढरे पडले होते.

"खरंच बसला," त्या म्हणाल्या. मला नव्हे, स्वतःलाच. आणि मग दाराकडं तोंड करून इतक्या मोठ्यानं ओरडल्या की पॅसेजमधली माणसं उभी राहिली. "डॉक्टर! डॉक्टरांना बोलवा! हिला करंट बसतोय! खरोखर बसतोय!"

नाईकवडी जिन्यावरून धावत आले. दारातच म्हणाले, "बाई, हा त्यांचा भ्रम..."

"मी देते हा भ्रम आहे. करंट भ्रम नाही. मान खाली घातली की बसतो, वर असली की बसत नाही. घरी मी हिची मान दाबली तेव्हा पाय गेले हिचे. आत्ता पावलं उडताना मी डोळ्यांनी बघितली."

डॉक्टर पुढं काही म्हणणार होते ते थांबले. "परत सांगा. मान खाली घातली की?"

अक्कांनी परत सांगितलं.

ते माझ्याजवळ फरशीवर मांडी घालून बसले. "राजमतीबाई, मी मानेला हात लावत नाही. फक्त पाय बघू?" खिशातली हातोडी काढून त्यांनी गुडघ्याखाली हलकेच टकटक केलं. पाय लाथ मारल्यासारखा उडाला. किल्लीच्या टोकानं तळव्यावर रेघ ओढली तर अंगठा वर गेला, बोटं पसरली. त्यांनी दुसऱ्या पायाला तेच केलं. मग हळूच विचारलं, "चालताना चप्पल पायातून निघते का? आणि कळत नाही?"

"मोठ्या मापाच्या ठेवतात," मी म्हटलं.

डॉक्टरांनी डोळे मिटले. उघडले आणि सुकुमारांकडं वळून विचारलं, "हिच्या मानेचा एक्स-रे कधी काढलाय?"

"मानेचा? नाही. हाताचे, गुडघ्याचे काढलेत."

"वर सांगा, भूल रद्द. कुणीही हिला उचलू नका, बसवू नका. मानेच्या दोन्ही बाजूंना उशा लावा आणि मी सांगेन तसं हलवा." हे सगळं ते शांतपणे बोलले.

एक्स-रेत दिसलं ते असं. संधिवातानं जशी माझी बोटं खाल्ली होती तसाच मानेतला सगळ्यात वरचा सांधाही खाल्ला होता. पहिल्या दोन मणक्यांना बांधून ठेवणारे बंध सैल झाले होते. मान पुढं झुकली की वरचा मणका घसरायचा आणि आतला मज्जारज्जू, ज्याच्यातून सगळ्या अंगाच्या नसा खाली जातात, तो चिमटीत सापडायचा. तो होता करंट. चप्पल निघायची, कात्री निसटायची, तेही त्यानंच. त्याच दिवसांत स्टेरॉइडनं माझं मन बिघडवलं. शरीर खरं सांगत होतं आणि मन त्याला वेडीवाकडी कारणं जोडत होतं. ऐकणाऱ्यांना फक्त कारणं ऐकू आली.

"भूल दिली की मानेचे स्नायू सैल पडतात," नाईकवडी सुकुमारांना म्हणाले. "त्यात आम्ही मान वळवली असती तर तिथंच सगळं संपलं असतं." मग अक्कांना म्हणाले, "बाई, तुम्ही तिला मान खाली घालायला लावलीत तेही फार धोक्याचं होतं. पुन्हा करू नका."

"नाही करणार," अक्का म्हणाल्या. शाळेतल्या मुलीसारखं.

मी तिथंच लगेच शहाणी झाले असं नाही. गळ्यात कडक पट्टा घातला तर मला वाटलं, त्यात यंत्र आहे. पण पट्ट्यानं मान वाकेनाशी झाली आणि करंट बसायचा थांबला. ज्यावर सगळी खात्री उभी होती तेच गेलं. अक्कांनी एकदा पाणी पुढं केलं. मी प्याले. स्टेरॉइड उतरत गेलं, दुसरी औषधं लागू पडत गेली, माझं नाव घेणारे आवाज लांब लांब गेले. एका सकाळी सुकुमार समोर बसले होते आणि मला दिसलं की हा माणूस फार वाळला आहे, दाढी वाढली आहे. मी विचारलं, "जेवलात का?" ते तिथंच रडायला लागले.

पुढं पुण्याला ऑपरेशन झालं. मणके तारेनं आणि स्क्रूनं एकमेकांना बांधून टाकले. आता मला मान पुरती वळवता येत नाही. कुणी हाक मारली की सगळं अंग वळवते. बोटांतलं बारीक काम मात्र परत आलं नाही. सुईत दोरा ओवणं संपलं. मी खुर्चीवर बसून तोंडानं सांगायची आणि मुली कापायच्या. अशी आणखी बरीच वर्षं नोकरी केली.

घरात त्या दिवसांचा विषय कुणी काढत नसे. अक्कांच्या भुवईवर वण राहिला होता, त्याबद्दलही नाही. पुष्कळ वर्षांनी मी निपाणीला त्यांच्याकडं गेले होते. त्या ऐंशीला आल्या होत्या. मागच्या अंगणात वाटाणा सोलत बसलो होतो. माझ्या बोटांना शेंग फुटत नव्हती, म्हणून त्या फोडून देत होत्या आणि मी दाणे काढत होते. तेव्हा मी विचारलं.

"अक्का, तुम्हाला मी विष घालणारी म्हटलं. वाटी मारली. तरी माझ्यावर विश्वास कसा ठेवलात?"

त्यांनी एक शेंग फोडून माझ्यापुढं ठेवली, दुसरी उचलली.

"विश्वास कुणी ठेवला?" त्या म्हणाल्या. "तुला खोटं पाडायला आले होते मी. ठरवूनच आले होते. हात वर धरते, मान घाल म्हणते, काही होणार नाही. मग म्हणेन, बघ, आहे का करंट? कळेल हिला. निदान पाणी तरी पिईल." शेंग त्यांच्या हातात तशीच राहिली. "आणि तुझी पावलं उडाली. ते सोंग नव्हतं गं. कुणाला जमत नाही तसं. तिथं उभ्या उभ्या मला कळलं, ही इतके दिवस खरं सांगतेय, घसा फोडून सांगतेय, आणि आम्ही हिला गोळ्या देऊन झोपवायला बघतोय."

मी हातातले दाणे सुपात टाकले.

"फार भ्याले मी," अक्का म्हणाल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला.

ते मला माहीत होतं. दवाखान्यातल्या सिस्टरनी मला जाताना सांगितलं होतं. डॉक्टर आले, पाय तपासले, एक्स-रेला न्यायला मला फळीवर घेतलं, खोली रिकामी झाली, तरी अक्का त्या भिंतीशी तशाच उभ्या होत्या. सिस्टरनी जाऊन त्यांचे दोन्ही हात धरून खाली आणले.